दुकानातलं मशीन 'फ्लॅट फूट' म्हणालं, आता पळायचे बूट कोणते घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, वजन ८१ किलो, राहायला ठाण्यात वसंत विहारला. ऑगस्टपासून पळायला लागलात. आठवड्यातून चार दिवस उपवन तलावापर्यंत आणि रविवारी येऊरच्या डोंगराचा चढ, असे आता आठवड्याला ३५ किलोमीटर होतात. जानेवारीत मुंबईत हाफ मॅरेथॉन करायची आहे. गेले तीन आठवडे दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतायत आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. दुकानात तुम्हाला मशीनवर उभं केलं, पडद्यावर लाल-पिवळं पाऊल दाखवलं, 'फ्लॅट फूट आहे, ओव्हरप्रोनेशन आहे', म्हणजे पाय सपाट आहे आणि जास्त आत झुकतो, असं सांगितलं आणि १४ हजारांचे स्टॅबिलिटी बूट, म्हणजे आतल्या बाजूने आधार देणारे, बाजूला काढून ठेवले. ते घेऊ का, की दुसरी कुठली कंपनी चांगली, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यातच फिजिओथेरपिस्ट आहे, १७ वर्षं झाली. पळणाऱ्यांची दुखणी हा माझ्या कामाचा मोठा भाग, आणि मी स्वतःही पळते. आधी एवढंच सांगते, ते बूट आज घेऊ नका. बूट वाईट असतील असं मुळीच नाही. पण नडगीचं दुखणं, काळं नख आणि सपाट पाय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींवर तुम्हाला एकच औषध दिलं गेलंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला असं दिसतं की नडगी दुखते ती किलोमीटर भराभर वाढल्यामुळे आणि नख काळं पडलं ते बूट आखूड असल्यामुळे. सपाट पायाचा यात फारसा हात नसावा. प्रत्यक्ष पाय बघितल्याशिवाय शंभर टक्के कुणीच सांगू शकणार नाही, पण असा विचार का करते ते सांगते.

नडगीपासून सुरुवात करू, कारण ते बुटांपेक्षा तातडीचं आहे. तीन महिन्यांत शून्यावरून ३५ किलोमीटर. दम लवकर वाढतो, पाच-सहा आठवड्यांत तुम्हाला स्वतःलाच फरक जाणवला असेल. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. छाती 'चल' म्हणते आणि नडगी 'थांब' म्हणते, ती ही वेळ. दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, येऊर पूर्ण बंद ठेवा, पळण्याचे दोन दिवस चालण्याला किंवा सायकलला द्या. आणि एक तपासणी आजच करा. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली या. वीतभर भागात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताण वाढल्याने होणारं नडगीचं दुखणं, कमी पळण्याने निवळतं. पण एका रुपयाएवढ्या जागीच कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असली तर सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आला' एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. कुठल्याही किमतीचा बूट त्या चिरेवर उपाय नाही.

आता सपाट पाय. मशीनने तुमचा उभा असतानाचा भार दाखवला. तुम्ही पळताना काय होतं ते त्यात दिसत नाही. पळताना पाऊल टेकलं की घोटा जरा आत झुकतो, तळव्याची कमान खाली दबते आणि त्यात धक्का जिरतो. हेच प्रोनेशन. तो आजार नाही, पायाची ती स्प्रिंग आहे, आणि प्रत्येकाच्या पायात ती कमी-जास्त असते.

घरी करून बघा. आरशाकडे पाठ करून अनवाणी उभे राहा आणि हळूहळू चवड्यांवर उठा. उठताना कमान तयार होत असेल आणि टाच किंचित आत वळत असेल, तर तुमचा सपाट पाय लवचिक आहे. आपल्याकडे असे पाय असंख्य आहेत, आणि त्यांतले बरेच जण जन्मभर विनातक्रार चालतात, पळतात. मग एका पायावर, भिंतीला नुसता हात लावून, टाच दहा-बारा वेळा वर उचला. तेही जमलं तर कमानीला धरून ठेवणारे स्नायू काम करतायत. याउलट, पूर्वी कमान होती आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत एकाच पायाची बसली, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज किंवा दुखणं आहे, एका पायावर टाच उचलताच येत नाही, यातलं काही असेल तर तो खरा तक्रारीचा सपाट पाय. त्याला दुकान नव्हे, दवाखाना लागतो. मधुमेह असेल आणि तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तरीही आधी पाय तपासून घ्या, कारण अशा माणसाला बूट लागतोय हे कळतच नाही.

पायाच्या कमानीवरून बूट ठरवायची पद्धत बरीच वर्षं चालत आली. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करत होते. ओल्या पायाचा ठसा घ्यायचा, सपाट असेल तर कडक आधाराचा बूट, कमान उंच असेल तर मऊ बूट. मग अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीवर केलेले अभ्यास आले, २००९-१० च्या सुमाराचे. काहींना पायाच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये नव्याने पळायला लागलेल्या ९२७ जणांना सारखेच साधे, म्हणजे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर बघितलं, तेव्हाही पाय आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्याचं दिसलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्झेंबर्गमधल्या ३७२ जणांच्या अभ्यासात, ज्यांचे पाय जास्त आत झुकत होते त्यांना आधाराच्या बुटांचा फायदा झालेला दिसला. म्हणून स्टॅबिलिटी बूट निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतही काही जणांना तेच मानवतात. पण 'सपाट पाय, म्हणून हेच बूट' ही सक्ती चुकीची आहे. दोन्ही प्रकार पायात घालून, पळून बघा आणि ज्यात पाऊल सहज पडतं तो घ्या. आरामाची ही खूण भोळी वाटते, पण पायाच्या यांत्रिकीवर आयुष्य घालवलेले संशोधक बेन्नो निग यांनीही २०१५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता.

आता तुमच्या नखाकडे येते, कारण बुटांची खरी गोष्ट तिथे आहे.

नख काळं पडतं म्हणजे नखाखाली रक्त साकळतं, आणि ते साकळतं कारण बोट पुढे जाऊन पुन्हा पुन्हा आपटतं. तुम्ही येऊरला चढताना टाच मागे दाबली जाते, बोटं मोकळी असतात. उतरताना अख्खं पाऊल बुटात पुढे सरकतं. पुढे जागा नसेल तर प्रत्येक पावलाला नख बुटाच्या नाकावर आदळतं, आणि उतारावर अशी हजारो पावलं पडतात. तुमचा नंबर ८ आहे असं तुम्ही लिहिलंय. पण तो कधी मोजलाय का? मी विचारते तेव्हा बहुतेकांचं उत्तर असतं, 'कॉलेजपासून आठच घालतो.' वय, वजन आणि पळणं यांनी पाऊल लांब-रुंद होतं. शिवाय ऑफिसच्या बुटांचा आठ आणि पळायच्या बुटांचा आठ एक नसतो, दोन कंपन्यांचाही एक नसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या यूके नंबरांत एका पूर्ण नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्ध्याचा सव्वाचार. ऐकायला किरकोळ वाटतो, पण नख काळं पडणं आणि न पडणं एवढ्याशा जागेवर ठरतं.

लांबीपेक्षाही रुंदी जास्त छळते. केंद्र सरकारच्या चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, भारतीय मापांची स्वतःची पद्धत तयार करण्यासाठी. त्यात असं दिसलं की आपली पावलं युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. अर्धं आयुष्य अनवाणी आणि चपलेत गेलेली बोटं पसरलेलीच असतात, आणि ती निरोगी बोटं आहेत. अडचण अशी होते की रुंदीत बूट आवळला की माणूस एक नंबर मोठा घेतो. मग रुंदी जमते, पण लांबी जास्त होते, टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. अशा पायाला मोठा नंबर नको, रुंद बूट हवा. काही कंपन्या तेच मॉडेल 'वाइड' म्हणून वेगळं काढतात. पुरुषांमध्ये डी ही नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे आणखी रुंद. दुकानात बऱ्याचदा ठेवलेले नसतात, मागवावे लागतात. पण विचारा.

माझ्याकडे बँकेत काम करणाऱ्या एक ताई येत होत्या. दर वेळी पाच-सहा किलोमीटरनंतर तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे बधिरपणा, मग जळजळ. दोन तपासण्या झाल्या होत्या, कमरेच्या मणक्यापर्यंत शंका गेली होती. मी त्यांचं पाऊल कागदावर आखलं आणि त्यांच्या बुटातला सुकतळा काढून त्यावर ठेवला. चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी पाऊल बाहेर. बायकांचे बूट मुळातच अरुंद साच्यावर बनतात. त्यांनी पुरुषांच्या विभागातला, लांबीला जुळणारा जोड घेतला आणि महिन्याभरात तक्रार थांबली. रंग आवडीचा मिळाला नाही याचं त्यांना वाईट वाटलं, ते मला समजतं. पण आज त्या सुखाने दहा किलोमीटर पळतात.

तुम्हीही हेच करा. संध्याकाळी, शक्यतो दिवसभर चालून झाल्यावर, कारण तोवर पाय थोडे सुजतात आणि पळतानाही तसेच होतात. पळायचे मोजे घालून कागदावर सरळ उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पाऊल आखायला सांगा. स्वतः वाकून आखलं की भार बदलतो आणि माप चुकतं. दोन्ही पाय आखा. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर लांबी त्या बोटापासून मोजा. आता तुमच्या सध्याच्या बुटातला सुकतळा बाहेर काढून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त जागा दिसायला हवी, आणि करंगळीच्या बाजूने पाऊल सुकतळ्याबाहेर जायला नको. माझा अंदाज आहे की तुम्हाला ती पुढची जागा दिसणार नाही.

हा कागद कापून खिशात घालून दुकानात जा. दुकानदार कितीही घाई करत असला तरी दोन्ही पायांत बूट घाला, लेस नीट बांधा, आणि आरशासमोर चार पावलं टाकून थांबू नका. जिना असेल तर उतरून बघा, बोट पुढे लागतं का ते तिथे कळतं. बाहेर फुटपाथवर पन्नास-शंभर मीटर पळू द्या म्हणावं. टाच बुटातून वर निघायला नको, मधला भाग हलकेच धरलेला असावा, बोटं पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. 'वापराल तसा सैल होईल' हे वाक्य ऐकू आलं तर तो जोड परत द्या. चामड्याची चप्पल सैल होते, पळायचा बूट पहिल्या दिवशी लागला तर शंभराव्या दिवशीही लागतो. टाच थोडीशीच सुटत असेल तर बूट नाकारण्याआधी शेवटच्या, सगळ्यात वरच्या भोकातून लेस त्याच बाजूने ओवून छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून काढा आणि मग ओढून गाठ मारा. उतारावर पाय पुढे सरकणंही याने बरंच कमी होतं.

आता टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात. तो शून्यापासून १२ मिलिमीटरपर्यंत असतो. ड्रॉप जास्त असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या स्नायूबंधाला आराम मिळतो, गुडघ्यावर भार थोडा वाढतो. कमी असेल तर उलट. तुम्ही नवे आहात, दिवसभर ऑफिसचे बूट घालता, पोटऱ्या बहुधा आखडलेल्या असतील. ८ ते १० च्या आसपास राहा आणि आत्ता फार खाली जाऊ नका. तळव्यातला फोम किती मऊ हवा हा आवडीचा भाग आहे. ८१ किलोला अतिमऊ बूट पळताना डगमगतो असं काहींना वाटतं, काहींना तोच आवडतो. कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले महागडे बूट वेगाच्या स्पर्धेसाठी आहेत, ते तुम्हाला सध्या नकोत.

कंपनी कोणती, याचं उत्तर मी मुद्दाम देत नाही. असिक्स, ब्रुक्स, सॉकनी, न्यू बॅलन्स, नायके, आदिदास, प्रत्येकाचा साचा निराळा, आणि एकाच कंपनीचं मॉडेल पुढच्या वर्षी वेगळं बसू शकतं. माझ्या पायाला जो जोड हातमोज्यासारखा बसतो त्यात माझ्या धाकट्या बहिणीला फोड येतात. पैशांचं म्हणाल तर १४ हजारांची गरज नाही. साधा, रोजच्या पळण्याचा न्यूट्रल बूट आणि त्याचं मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर बरेच पैसे वाचतात, आणि फरक बऱ्याचदा थोडाच असतो, तरी तोही घालून बघूनच घ्या. वाचलेल्या पैशात शक्य असेल तर काही महिन्यांनी दुसरा, वेगळ्या मॉडेलचा जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा. वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. त्यामागचं कारण मला पटतं, पायावरचा भार रोज त्याच जागी पडत नाही.

ठाण्यात दोन जोडांचा आणखी एक उपयोग आहे. आपल्याकडे चार महिने बूट ओलेच असतात. भिजलेला बूट रात्रभरात वाळत नाही, आणि ओल्या बुटात पळाल्याने फोड येतात. सुकतळा काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, फोम आणि चिकटवण दोन्ही खराब होतात. तुमच्या मार्गावर ओले पेव्हर ब्लॉक असतील, त्यामुळे घेताना तळव्याचं रबर बघा. चवड्याखाली आणि टाचेखाली खरं रबर हवं, नुसता उघडा फोम ओल्यावर घसरतो आणि लवकर झिजतो. येऊरला तुम्ही डांबरी रस्त्यानेच जात असाल तर ट्रेलचे, म्हणजे कच्च्या वाटांसाठीचे, तळव्याला उंचवटे असलेले बूट लागत नाहीत. आणि एक गोष्ट जी बुटांवर ढकलली जाते पण रस्त्याची असते: आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो. जाताना ज्या कडेने जाता, येताना तीच उतरण दुसऱ्या पायाखाली येईल अशी बाजू निवडा, अर्थात गाड्या बघून.

बूट किती दिवस? साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, वजन आणि पळण्याच्या पद्धतीप्रमाणे. वरून नवा दिसणारा बूटही आतून बसलेला असतो. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आत पेनाने लिहून ठेवा आणि किलोमीटर मोजा. जिथे पूर्वी दुखत नव्हतं तिथे दुखायला लागलं, तर आधी तो आकडा बघा.

तर क्रम असा लावा. या आठवड्यात नडगी दाबून बघणं आणि पळणं निम्म्यावर आणणं. शनिवारी संध्याकाळी पाऊल आखणं. दुखणं उतरेपर्यंत नवे बूट घेऊ नका, कारण दुखत्या पायाला कुठलाच बूट बरा वाटत नाही आणि निवड चुकते. नंतर घेतलेत की पहिल्या दोन-तीन वेळा तीन-चार किलोमीटरच पळा, रविवारचं लांब अंतर नव्या बुटात नको. जानेवारीच्या शर्यतीत तर तेच बूट घाला ज्यात तुम्ही आधी निदान १०० किलोमीटर पळाला आहात. काळं नख ओढू नका, खालून नवं आलं की ते आपोआप सुटेल, अंगठ्याला त्यासाठी कित्येक महिने लागतात. ठसठस फार असेल, किंवा त्याखाली पू दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि चवड्यांवर उठून बघितल्यावर काय दिसलं, नडगी नेमकी कुठे दुखते, हे दोन्ही मला लिहून कळवा, म्हणजे जानेवारीसाठी आठवड्याला किती पळायचं ते त्यावरून सांगता येईल.